वंशावळीत आई कुठं आहे?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आठवणी लिहायला घेतल्या आहेत. सुरुवात घराण्याच्या माहितीने करावी म्हणून भावाकडे वंशावळ मागितली. पुतण्याच्या जात पडताळणीसाठी केलेली ती वंशावळ पाच पिढ्यांची आहे, पण तिच्यात माझं नाव नाही, आईचं नाही, आजीचंही नाही. चुलतभावाकडे जुने कागद मागायला गेले तर तो म्हणाला, "काऊन वं ताई, वावरात हिस्सा पायजे का आता?" तशीच परत आले. आत्या अजून आहे, मूर्तिजापूरकडे असते. तिला विचारलं की "मले काई आठवत नाई" म्हणते. घरात सांगतात की पणजोबा मोठ्या दुष्काळात पूर्णेपलीकडून कुठून तरी आले. गाव कोणालाच माहीत नाही. आजोबांची पहिली बायको विहिरीत गेली, असं दबक्या आवाजात बोलतात. माझी आजी तिचा टाक, म्हणजे तिच्या नावाचा चांदीचा पत्रा, गळ्यात घालायची. त्या बाईचं नावही मला ठाऊक नाही. हे सगळं शोधायचं कसं, आणि लिहायचं का? आणि पुस्तकावर नाव माहेरचं लावू की सासरचं?
— एक वाचक, जि. अमरावती

ताई,

भावाने दिलेली वंशावळ खोटी नाही, पण ती वेगळ्या कामाची आहे. जात पडताळणी समितीला वडिलांकडचे रक्ताचे नातेवाईक लागतात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून घरातला एखादा पोरगा तहसीलमध्ये खेटे घालतो आणि आजोबा-पणजोबांची नोंद हाती लागली की सुटला. बायकांच्या नावांची त्या फाईलला गरज नसते, म्हणून ती कोणी लिहीत नाही. विदर्भातल्या कितीतरी घरांत आज अशी वंशावळ सापडेल, प्रतिज्ञापत्राला जोडलेली, शिक्क्यासकट. आपलं घराणं लिहून झालं असं घरच्यांना वाटतं. खरं तर अर्धं घर बाहेरच राहिलेलं असतं.

तुम्ही आठवणी लिहिताय. सातव्या पिढीतल्या एखाद्या पुरुषाचं नाव सापडलं तर आनंद होईल, पण त्याच्याबद्दल लिहायला एक ओळ मिळणार नाही. उलट आजीची बहीण कोणत्या गावी दिली होती, आईला माहेरी काय हाक मारायचे, कोणती आत्या बाळंतपणाला आली आणि परत सासरी गेलीच नाही, हे कळलं तर तुमचं बालपण ज्या घरात गेलं ते घर कागदावर उभं राहील. म्हणून माझं सांगणं आहे की वर चढायच्या नादी लागू नका, आडवं जा. तीन-चार पिढ्या पुष्कळ झाल्या, पण त्यांतल्या सगळ्या लेकी, सगळ्या सुना, त्यांची माहेरं आणि सासरं, गावाच्या नावासकट. लहानपणी गेलेली लेकरंसुद्धा.

आता ही नावं मिळतात कुठं? आधी घरातच बघा. माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढा. गुंड, घंगाळ, कोपर, परात, मोठा गंज. चिंच लावून घासा आणि काठाच्या खाली बोट फिरवा. टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं बोटाला लागतील. भांडं कोणी दिलं, कोणाच्या लग्नात दिलं, बरेचदा गाव आणि तारीख. आईच्या आंदणातला गुंड असेल तर त्यावर तिचं माहेरचं नाव असायची शक्यता आहे, जे सासरी आल्यावर बदललं आणि पुढे कोणत्याच कागदावर आलं नाही. मामाने दिलेल्या परातीवर मामाचं नाव असेल, म्हणजे आईच्या भावाचं, म्हणजे तिच्या माहेरच्या घराचा धागा हाती आला. उजेड तिरपा पडेल अशा बेताने परात धरा आणि फोनवर फोटो घ्या; समोरून घेतला तर चकाकीत अक्षरं दिसत नाहीत. आत्याकडे, चुलतबहिणींकडे वाटणीत गेलेली भांडी असतील, त्यांचेही फोटो मागवा. हे लवकर करा, कारण पितळ मोडीत देऊन नवीन भांडी घ्यायची चाल अजून थांबलेली नाही आणि मोडीत गेलेली नावं परत येत नाहीत.

आहेराची वही सापडली तर फार मोठं काम होईल. लग्नात कोणी लुगडं दिलं, कोणी सव्वा रुपया दिला, याची यादी परतफेडीच्या हिशेबाने ठेवलेली असते. कोणत्या गावातून किती माणसं आली हे त्यात दिसतं, आणि सोयरिकीची गावं ओळखायला याहून चांगला कागद मला माहीत नाही. जुन्या लग्नपत्रिकाही बघा, छापलेल्या नातेवाइकांच्या यादीसकट.

आत्याबाईंचं बोला. "मले काई आठवत नाई" हे उत्तर बहुतेक म्हातारी माणसं देतात, कारण आपण त्यांना यादी मागतो. यादी मागू नका. भांड्याचा फोटो दाखवा आणि विचारा, हा गुंड कोणाच्या लग्नातला? बैलबंडीने माहेरी जाताना मुक्काम कुठं पडायचा? अखितीला घागर कोणाच्या नावाने भरायचे? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. पित्तरांच्या नावाने घागर भरताना घरातली बाई ज्यांची नावं घेते, ती नावं घरात अजून जिवंत आहेत. तसंच पितृपक्षातल्या नवमीला पान कोणासाठी ठेवायचे तेही विचारा. अविधवा नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीची. तुमच्या घरात आजी-आईच्या काळात नवमी पाळत असतील तर ती बहुधा आजोबांच्या त्या पहिल्या बायकोसाठी, आणि पाळणाऱ्या बाईला तिचं नाव माहीत असणारच. तुमच्या आजीने तिचा टाक आयुष्यभर गळ्यात वागवला. रोज अंगाला लागणाऱ्या त्या चांदीच्या पत्र्याबद्दल तिने स्वतःच्या लेकीला काहीच सांगितलं नसेल, हे मला पटत नाही. आत्याला टाकाबद्दल विचारा, विहिरीबद्दल नको. टाक आता कोणाकडे आहे तेही विचारून घ्या.

साल विचारलं तर आत्या गोंधळतील. मोठ्या घटनांना बांधून विचारा. गाडगेबाबा गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या? ते १९५६ चं डिसेंबर. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. १९७२ चा दुष्काळ सगळ्यांना लख्ख आठवतो. त्यांच्या आईकडून ऐकलेल्या गोष्टींसाठी मानमोडीची साथ धरा, ती १९१८ ची. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधल्या जन्मतारखांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. १ जुलैला जन्मलेली इतकी माणसं आपल्याकडे का, हे तुम्ही स्वतः मास्तरीण असल्याने मी सांगायला नको. त्या रजिस्टरचा खरा उपयोग आडनाव कसं लिहिलं जायचं आणि पालक म्हणून कोणाचं नाव लागलं, हे बघायला.

आता कागद. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनं कोतवाल बुक मिळतं, म्हणजे गावच्या कोतवालाने नोंदवलेल्या जन्म-मृत्यूंचं रजिस्टर. अर्जात गाव आणि सालं लिहा. एकच साल देऊ नका, मागची-पुढची पाच-सात सालं बघायला मागा. वाचताना दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या नोंदीत आडनाव बहुतेक नसतं; अमुक वल्द अमुक, म्हणजे अमुकचा मुलगा, आणि पुढे जात. बायकोसाठी जौजे, विधवेसाठी बेवा. जन्माच्या बऱ्याच नोंदींत बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. तेव्हा आजीच्या जन्माची नोंद शोधायची तर तिच्या बापाचं नाव आणि तिचं माहेरचं गाव आधी हवं, म्हणून भांडी आणि आत्या पहिल्यांदा सांगितल्या. फार जुने कागद मोडी लिपीत निघाले तर घाबरू नका, पुराभिलेख विभागाची शाखा नागपूरला आहे आणि मोडी वाचणारी माणसं अमरावती-अकोल्यातही भेटतात.

बायकांची नावं कागदावर सर्वांत भरवशाने कुठं सापडतात हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. ती सापडतात हक्कसोडीत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर बापाच्या पश्चात लेकीही वारस झाल्या. त्यामुळे तुमचे आजोबा त्यानंतर गेले असतील तर वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीत, मुलांच्या खाली मुलींची नावं येण्याचा संभव आहे, सासरच्या आडनावासकट आणि गावासकट. आणि त्याच्यापुढच्या एखाद्या फेरफारात बहिणींनी भावांच्या हक्कात आपला हिस्सा सोडल्याची नोंद असते. ज्या कागदाने बाईचं नाव वावरावरून निघालं, त्याच कागदावर ती पूर्ण नाव-गावानिशी उभी असते, खाली अंगठा. मूळ हक्कसोडपत्र नोंदलेलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे त्याची नक्कल मागता येते. आत्याच्या अंगठ्याचा तो कागद मिळाला तर तो दिवस आत्याला विचारा. तालुक्याला कोणासोबत गेल्या होत्या, काय सांगून नेलं होतं, परत आल्यावर भावाने लुगडं दिलं का. तुम्ही स्वतःही अशा कागदावर सही केली असेल. केली असेल तर ते प्रकरण तुमच्या पुस्तकात हवंच, आणि मोकळेपणाने हवं.

आणखी एक जागा आहे. बाप लवकर गेला आणि लेकरं लहान असली तर जुन्या सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं लिहून आईचं नाव येतं. अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून. वावर पुरुषांच्याच नावावर असण्याच्या त्या काळात एखादी विधवा आपल्या नावानिशी सातबाऱ्यावर दिसते ती इथं. १९५४-५५ चं अधिकार अभिलेख मागा, विदर्भात ते सगळीकडे उपयोगी पडतं. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतले पुष्कळसे जुने अभिलेख स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, तेव्हा बरंचसं काम घरी बसून होईल. (वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडच्या वाचकांनी ध्यानात घ्यावं की तिकडे १९५१ पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा शेतसारा मालगुजार सरकारात भरायचा, त्यामुळे कागदांची रचना वेगळी आहे. तिथं जुन्या बंदोबस्ताच्या, म्हणजे शेतसारा ठरवतानाच्या, मिसली (फाईली) आणि खसरा, म्हणजे शेतांची यादी, बघावी लागते.)

यावरून चुलतभावाकडे येते. त्याच्या बोलण्याचा राग धरू नका. जुने कागद मागायला बहीण आली की आपल्याकडे घाबरायची रीतच पडली आहे, आणि हक्कसोडीचा इतिहास बघता ती भीती आकाशातून पडलेली नाही. त्याच्याकडून कागद मागायची गरजच ठेवू नका. फेरफार आणि जुने सातबारे सरकारी दप्तरात आहेत, नक्कल तुम्हालाही मिळते. ती घ्या, मग त्याच्या घरी जा, आणि पहिल्या वाक्यात सांगा की मला वावर नको, मला आजोबा-आजीबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला मिळालेल्या नकलांचा एक संच त्याला द्या. त्याच्या नातवंडांना उद्या पडताळणीला तेच कागद लागणार आहेत, तेव्हा त्याचा तुमच्यावरचा विश्वास बोलण्यापेक्षा या नकलांनी बसेल. बदल्यात फोटो मागा, भिंतीवरचे आणि ट्रंकेतले. त्याच्या वडिलांबद्दल जे लिहाल ते छापायच्या आधी त्याला वाचायला देईन, असाही शब्द द्या आणि पाळा.

पणजोबांच्या गावाचा प्रश्न अवघड आहे, पण तपासता येण्यासारखा आहे. वऱ्हाडात त्या काळात दोन दुष्काळ लागोपाठ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसऱ्याने वऱ्हाडाला जास्त झोडपलं, घरात सांगतात तो मोठा दुष्काळ बहुधा तोच. आता बघा, वऱ्हाडात रयतवारी जमाबंदीची, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरायच्या पद्धतीची, पहिली मोजणी १८६० नंतर सुरू झाली. तुमच्या गावच्या दुष्काळाआधीच्या कागदांत पणजोबांचं किंवा त्यांच्या बापाचं नाव शेताला लागलेलं दिसलं, तर ते दुष्काळात आले ही गोष्ट जशी सांगतात तशी नाही. कदाचित आली ती पणजी, आणि घराने ती गोष्ट पणजोबांच्या नावावर लावली. असं पुष्कळ घरांत होतं, म्हणून ही शक्यता मनात ठेवा. नावच दिसलं नाही तर कुळाचाराकडे वळा. पहिलं जावळ कुठं काढायचे, नवस फेडायला कोणत्या देवाला जायचे, त्या गावच्या आसपास मूळ घर असायचा संभव मोठा. घरातलं कोणी नाशिक-त्र्यंबकला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही बघा. आलेल्या माणसाचं गाव आणि त्याच्या माणसांची नावं त्यांत लिहिलेली असतात.

आता त्या बाईबद्दल. हो, लिहा. पण आधी तिचं नाव शोधा. "आजोबांची पहिली बायको" एवढ्यावर तिचं प्रकरण लिहू नका. टाक, नवमी, आत्या, आणि मग कोतवाल बुकातली मृत्यूची नोंद, या क्रमाने गेलात तर नाव मिळायची चांगली शक्यता आहे. नोंदीत कारणाचा रकानाही असतो, पण तो ढोबळ. ताप, पटकी, देवी अशा ठरावीक खणांत माणसं टाकलेली असतात, आणि तापाच्या खणात तर वाट्टेल ते मरण घातलेलं आढळतं. समजा नोंदीत ताप निघाला आणि गाव विहीर म्हणतं, तर दोन्ही लिहा. कागद काय सांगतो, बायका काय सांगतात, आणि तुम्हाला कोणी कोणत्या वयात हे सांगितलं. ती कशी गेली याचा निकाल तुम्ही देऊ नका. नवऱ्याने छळलं, सासूने ढकललं, असं एक वाक्यही पुराव्याशिवाय नको. जे गेले त्यांना उत्तर देता येत नाही आणि जे आहेत त्यांना गावात राहायचं आहे. मात्र घरात तिच्याबद्दल कुजबुजत का बोलायचे, तुम्ही लहानपणी विचारल्यावर कोण गप्प झालं, आजी तो टाक कधी काढायची आणि कधी नाही, हे तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. ते लिहायचा हक्क तुमचा आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तिच्या माहेरच्या माणसांचा पत्ता लागला तर त्यांच्याकडेही एकदा जाऊन या. त्यांच्या घरात ती लेक आहे, आणि त्यांच्याकडची गोष्ट वेगळी असणार.

पुस्तकाची सुरुवात घराण्याच्या माहितीने करू नका. दहा पानं नावं वाचून वाचक थकतो. तुमची नातवंडंसुद्धा थकतील. वंशवृक्ष शेवटी एका घडीच्या पानावर द्या. तो काढताना प्रत्येक सुनेच्या चौकटीत तिचं माहेरचं नाव, सासरी ठेवलेलं नाव आणि माहेरचं गाव लिहा, आणि प्रत्येक लेकीची फांदी तिच्या सासरच्या गावापर्यंत जाऊ द्या, भावांच्या फांदीइतकीच लांब. आत मजकुरात मात्र एका वेळी एकच माणूस येऊ द्या, तेही जेव्हा तुमच्या आठवणीत येईल तेव्हा. आईवर लिहाल तेव्हा गुंडावरचं नाव येईल. आत्यावर लिहाल तेव्हा तो अंगठा येईल. कागद आणि आठवण जुळली नाही, आजी म्हणायची लग्नात मी नऊ वर्षांची होते आणि नोंदीवरून तेरा निघाली, तर आठवण खोडू नका. आजीला स्वतःचं लग्न नवव्या वर्षातलं का वाटलं असेल यावर चार ओळी लिहिल्या तर त्या पुस्तकातल्या चांगल्या ओळी ठरतील.

आत्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून आणि विचारून. लिहून घेताना त्यांची वऱ्हाडी सरळ करू नका. त्या "मायबाई" म्हणत असतील तर मायबाईच लिहा. तहसीलचं काम पोळ्यानंतर काढलं तरी चालेल. मूर्तिजापूरला या आठवड्यातच जा.

आणि नाव. निवृत्त होईपर्यंत ज्या नावाने शाळेच्या मस्टरवर सही केली, गावोगावचे विद्यार्थी ज्या नावाने तुम्हाला ओळखतात, ते मुखपृष्ठावर राहू द्या. ते तुम्ही कमावलेलं आहे. आतल्या पहिल्या पानावर त्याच्या खाली माहेरचं पूर्ण नाव द्या, आणि त्यात वडिलांच्या नावाच्या आधी आईचं नाव लिहा.